कथा लिहून झाली, आता पाठवायची कुठं? (दिवाळी अंक, मासिकं, स्पर्धा – कोल्हापूरकरांनी सांगावं)

गवतीचहा (कळंबा) | ४ मे, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. मी एका पतसंस्थेत कामाला आहे. दोन वर्षांत तीन कथा पूर्ण झाल्यात.

पहिली गुऱ्हाळावरची आहे. माझे मामा हंगामात चुलवाणासमोर बसायचे, चिपाडं सारायचे, त्यांच्यावरून सुचली. साडेतीन हजार शब्द आहेत. दुसरी गूढकथा म्हणता येईल, बंद पडलेल्या तालमीत घडते. तिसरी आठ-दहा वर्षांच्या मुलांसाठी आहे.

घरच्यांना आणि दोन मैत्रिणींना वाचायला दिल्या. सगळ्यांनी छान म्हटलं. पण ओळखीच्या माणसांनी छान म्हणणं वेगळं आणि कुणा अनोळखी संपादकानं छापणं वेगळं. व्हॉट्सअॅपवर साठेक अंकांच्या पत्त्यांची एक यादी आली आहे. तिन्ही कथा त्या साठही पत्त्यांवर पाठवून द्याव्यात का? ज्यांच्या कथा छापून आल्यात त्यांनी सांगावं. स्पर्धांबद्दलही.

---

तेरावी_गल्ली (राजारामपुरी) | ४ मे, रात्री १०:४०

ताई, मला पण हेच पाहिजे होतं. कॉलेजला आहे, एका स्पर्धेची जाहिरात आलीय, प्रवेश शुल्क ३०० रुपये. भरावेत काय?

---

पॅटर्नमेकर (उद्यमनगर) | ५ मे, सकाळी ६:५५

ताई, साठ ठिकाणी पाठवू नका. कळकळीनं सांगतोय, कारण मी हे करून बसलोय.

२००३ ची गोष्ट. फौंड्रीत दुसरी पाळी करून रात्री लिहायचो. एक कथा मनासारखी उतरली. सात प्रती झेरॉक्स काढल्या आणि सातही अंकांना पोस्टानं धाडल्या. वाटलं, एकानं तरी घेऊ दे. सप्टेंबरात चार दिवसांच्या अंतरानं दोघांची स्वीकृतीची पत्रं आली. दोन्ही पत्रं समोर ठेवून रात्रभर बसलो. सकाळी त्यातल्या एका संपादकांना फोन लावला आणि खरं ते सांगितलं. तोवर त्यांच्याकडं कथा जुळवून झाली होती, चित्रकारानं चित्रही दिलं होतं, फर्मा छपाईला जायचा बाकी होता. ते रागावले नाहीत. "ठीक आहे" एवढंच म्हणाले. त्यानंतर मी त्या अंकाला अकरा वर्षं कथा पाठवत राहिलो, एकदाही उत्तर आलं नाही. चूक माझी होती.

आता मुद्द्याचं. आपल्याकडं कथेचं वर्ष दिवाळीला बांधलेलं असतं. का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला, तिथून ही परंपरा सुरू झाली. पूर्वी दर महिन्याला कथा छापणारी मासिकं होती. 'सत्यकथा' १९८२ ला थांबली, पुढं एकेक करून बाकीचीही आटली. मासिकं गेली, दिवाळी अंक राहिले. त्यामुळं एक तारीख हुकली की सरळ पुढच्या वर्षावर जातं. बहुतेक अंकांची जुळणी पावसाळ्यातच सुरू होते. जूनअखेरपर्यंत कथा हातात पडली तर ती निवांत वाचली जाते. गणपतीत पाठवलेली कथा कितीही चांगली असली तरी तेव्हा पानं भरलेली असतात. आज ५ मे. तुमच्याकडं आठ आठवडे आहेत.

या आठ आठवड्यांत पत्ते गोळा करू नका, अंक वाचा. 'कनवा'त, म्हणजे करवीर नगर वाचन मंदिरात जा. १८५० पासूनचं वाचनालय आहे आपलं. तिथं किंवा जवळच्या कुठल्याही ग्रंथालयात गेल्या दोन-तीन वर्षांचे दिवाळी अंक मागा. मे महिन्यात मागणी नसते, गठ्ठाच्या गठ्ठा समोर येतो. मी शंभरपानी वही घेऊन बसायचो. प्रत्येक अंकाला एक पान. कथा किती, सर्वांत मोठी किती पानांची, सर्वांत लहान किती पानांची, बोलीतल्या किती. एका पानावर किती शब्द बसतात ते एकदा मोजायचं, म्हणजे आपली कथा त्यात मावते का ते कळतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: नावं लिहून काढायची. तीन वर्षांचे अंक शेजारी ठेवले आणि कथाकारांची तीच ती नावं दिसली, तर तिथलं काम निमंत्रणावर चालतं असं समजा. तिथं पाठवू नये असं नाही, पण आशा बेतानं ठेवायची. ज्या अंकात दरवर्षी दोन-तीन नावं आपण कधीच न ऐकलेली असतात, तिथं कुणीतरी टपालात आलेली कथा खरोखर उघडून वाचतं. असे पाच-सहा अंक सापडले की बास.

आता तुमच्या तीन कथा. मुलांची कथा 'किशोर'ला. बालभारतीचं मासिक आहे, १९७१ पासून निघतं, जुने अंक त्यांनी इंटरनेटवर मोफत ठेवलेत. आधी वीस-पंचवीस अंक वाचा, वाक्यं किती छोटी असतात ते बघा. हे मासिक असल्यामुळं दिवाळीची वाट बघावी लागत नाही. 'साधना'चा बालकुमार दिवाळी अंकही आहे.

तालमीची कथा 'नवल' किंवा 'धनंजय'. 'नवल' हा अनंत अंतरकरांच्या 'हंस', 'मोहिनी' यांच्या घरातला, अद्भुत आणि गूढ हेच त्याचं अंगण. 'धनंजय' रहस्यकथांचा. तिथला वाचक असलंच काहीतरी वाचायला अंक घेतो.

गुऱ्हाळाच्या कथेला वेळ द्या. 'हंस', 'मौज', 'अक्षर', 'मुक्त शब्द', 'पद्मगंधा' असे गंभीर कथा छापणारे अंक चाळा आणि तुमच्या कथेचं गोत्र कुठं जुळतं ते तुम्हीच ठरवा. काही अंक एका विषयाभोवती लेख मागवून काढतात, 'ऋतुरंग' तसा. अंक उत्तमच असतो, पण तिथं आपली सुटी कथा धाडून उपयोग नाही. हे यादीत कळत नाही, अंक हातात घेतल्यावर कळतं.

---

गवतीचहा | ५ मे, दुपारी १:२०

काका, जेवणाच्या सुट्टीत दोनदा वाचलं. शनिवारी कनवात जाते. एक विचारू? एकाच ठिकाणी पाठवली आणि त्यांनी काहीच कळवलं नाही तर? वर्ष वाया जाणार.

---

नागाळा_पार्क | ५ मे, दुपारी ३:०५

इथं मी काकांशी थोडी असहमत आहे. माझ्या पाच कथा छापून आल्यात, त्यातल्या तीन दुसऱ्या-तिसऱ्या दारातून. पूर्वी निदान 'साभार परत'ची चिठ्ठी यायची, आता मेलला पोच पण येत नाही. लेखकानं एकाशीच बांधून घ्यायचं आणि समोरच्यानं नकारसुद्धा कळवायचा नाही, हे मला पटत नाही.

मी काय करते सांगते. कथेसोबतच्या पत्रात शेवटी एक ओळ लिहिते: "ही कथा अन्यत्र पाठवलेली नाही. ३१ जुलैपर्यंत आपला निर्णय न कळल्यास ती दुसरीकडे पाठवण्यास मोकळी आहे असे समजेन." १ ऑगस्टला खरंच दुसरीकडं पाठवते आणि पहिल्यांना तसं कळवते. कुणी वाईट मानून घेतलेलं नाही. एका संपादकांनी तर ही ओळ वाचूनच लगेच फोन केला होता.

पत्र मात्र चार ओळींचं ठेवा. कथेचं नाव, शब्दसंख्या, अप्रकाशित आहे हे, आणि आपण कोण ते एका वाक्यात. कथेत काय सांगायचंय ते पत्रात समजावू नका.

---

पॅटर्नमेकर | ५ मे, संध्याकाळी ७:३०

ही ओळ मला त्या वेळी सुचली असती तर बरं झालं असतं. ताई, असंच करा.

---

मजकूर_जुळणी (शाहूपुरी) | ५ मे, रात्री ९:१५

वीस वर्षं डीटीपी करतोय, दिवाळी अंकांची कामं दरवर्षी येतात. लेखकांना हात जोडून विनंती.

एक, मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा. जुन्या श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात. तो फॉन्ट ज्या मशीनवर नाही तिथं उघडलं की नुसती खिचडी दिसते. रूपांतर करता येतं, पण त्यात रफार आणि जोडाक्षरं इकडंतिकडं होतात, आणि सप्टेंबरच्या गर्दीत ती सगळी सापडतातच असं नाही. मग छापून आल्यावर लेखक म्हणतो, माझ्या कथेत चुका कुणी घातल्या?

दोन, वर्डची फाइल द्याच, सोबत पीडीएफ जोडा. नुसती पीडीएफ देऊ नका. तिच्यातून मराठी मजकूर उचलला की बऱ्याचदा वेलांट्या सुटतात आणि सगळं परत टाइप करावं लागतं. पण पीडीएफ शेजारी असली की तुमचं मूळ कसं होतं ते आम्हाला पडताळता येतं. हातानं लिहून फोटो पाठवणारे अजून आहेत, त्यांचा मजकूर सगळ्यात शेवटी लागतो.

तीन, फाइलला 'कथा फायनल नवी २' असं नाव नको. कथेचं नाव आणि तुमचं आडनाव. संपादकाकडं एकाच नावाच्या पन्नास फाइली पडलेल्या असतात.

बोलीतले संवाद असतील तर मेलमध्ये तसं स्पष्ट लिहा. मुद्रितशोधक 'हितं'चं 'इथं' करून ठेवतो. त्याचा दोष नसतो, त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

---

नागाळा_पार्क | ६ मे, सकाळी ११:००

@तेरावी_गल्ली, तुझा प्रश्न मागं पडला. शुल्क आहे म्हणून स्पर्धा खोटी ठरत नाही. परीक्षकांचं मानधन, टपाल, कार्यक्रम यांना खर्च असतोच. पण पैसे भरायच्या आधी चार गोष्टी बघ. परीक्षकांची नावं जाहीर केलीत का. गेल्या वर्षीचा निकाल कुठं वाचायला मिळतो का. विजेत्या कथा छापल्या असतील तर त्या वाचून बघ. आणि नियमात 'कथेचे सर्व हक्क आयोजकांकडे राहतील' असं वाक्य आहे का.

माझ्याबाबतीत झालं ते सांगते, संस्थेचं नाव घेत नाही. शुल्क भरलं, महिन्यानं 'आपली कथा निवडली गेली आहे' असा फोन आला. काय आनंद झाला होता! मग कळलं की सगळ्यांच्याच कथा निवडल्या गेल्यात. त्यांचा 'प्रातिनिधिक संग्रह' निघणार आणि प्रत्येक लेखकानं दहा प्रती विकत घ्यायच्या. घेतल्या. आई आजारी होती, तिला छापलेलं पुस्तक दाखवायचं होतं. पुस्तकात माझ्या कथेचा शेवटचा परिच्छेदच नव्हता. तो गाळलाय हे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं, कारण कुणी वाचलंच नव्हतं. पैशांपेक्षा त्याचं वाईट वाटलं.

तेव्हा भावा, ३०० रुपये गेले तर जाऊ देत, पण कथा जपून दे.

---

तेरावी_गल्ली | ६ मे, दुपारी १२:१०

नियम परत वाचले. हक्कांचं ते वाक्य आहे, आणि परीक्षकांची नावं नाहीत. नाही भरत. पण मी दोन कथा आधीच प्रतिलिपी अॅपवर टाकल्यात. त्या आता कुठं चालतील काय?

---

बावडा_वकील (कसबा बावडा) | ६ मे, रात्री ८:४५

मी दिवाणी वकिली करतो, कथा लिहीत नाही, पण वाचतो सगळ्या.

'अप्रकाशित' म्हटलं की इंटरनेटवर सगळ्यांना दिसेल अशी टाकलेली कथा बहुतेक संपादक आणि स्पर्धावाले प्रकाशितच धरतात. आता काढून टाकली तरी ती प्रकाशित झाली होती हे बदलत नाही. त्यामुळं त्या दोन कथांबाबत पाठवतानाच खरं सांगून टाक, आणि नवीन कथा आधी अंकांना दाखव.

हक्कांबद्दल. कथा लिहिली त्या क्षणी प्रताधिकार (कॉपीराइट) तुझा, नोंदणी लागत नाही. लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं तो टिकतो. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर १९५७ च्या प्रताधिकार कायद्याच्या कलम १९ प्रमाणं लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. त्या करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरतं. अंकात कथा छापायला दिली म्हणजे एकदा छापायची परवानगी दिली. पुढं संग्रह काढताना ती तुझीच. म्हणून 'सर्व हक्क' हे दोन शब्द दिसले की सही करण्यापूर्वी थांबायचं. आयोजकांना "एकदा प्रकाशित करण्याची परवानगी देत आहे" असं बदलून मागता येतं. प्रामाणिक माणसं बदलून देतात.

---

तारांगण | ७ मे, सकाळी ७:३०

विज्ञानकथा लिहिणारं कुणी असेल तर मराठी विज्ञान परिषदेची विज्ञानरंजन कथा स्पर्धा सोडू नका. परिषद १९६६ पासूनची आहे.

या स्पर्धेची एक गोष्ट आपल्या गावाशी जोडलेली आहे. जयंत नारळीकर १९ जुलै १९३८ ला कोल्हापुरात जन्मले. १९७४ साली त्यांनी या स्पर्धेला कथा पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावानं. आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून ते नाव घेतलेलं होतं. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी उतरवून दिली होती. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. एवढा मोठा शास्त्रज्ञ, त्यांनी नुसतं नाव सांगितलं असतं तरी कुठल्याही अंकानं छापली असती. त्यांना आपली कथा नावाशिवाय उभी राहते का ते बघायचं होतं. आपल्याला नाव नाही म्हणून आपण खट्टू होतो, तेव्हा मला हे आठवतं.

---

इंग्रजीचे_सर (गारगोटी) | ७ मे, रात्री ९:३०

थोडं बाहेरचंही सांगतो. कॉमनवेल्थ लघुकथा पुरस्काराला प्रवेश शुल्क नाही. २,००० ते ५,००० शब्दांची अप्रकाशित कथा लागते. विभागीय विजेत्याला २,५०० पौंड, एकूण विजेत्याला ५,००० पौंड. २०२० ला रांचीच्या कृतिका पांडे आणि २०२४ ला मुंबईच्या संजना ठाकूर यांनी एकूण पुरस्कार जिंकलाय. बंगाली आणि तमिळ कथा मूळ भाषेत घेतात, मराठी घेत नाहीत, पण इंग्रजी अनुवाद चालतो. गवतीचहा ताई, तुमच्या गुऱ्हाळाच्या कथेचे शब्द यात बसतात. अनुवादाला माझी मदत होईल, मानधन नको. मात्र मराठीत आधी छापली तर 'अप्रकाशित'च्या नियमात काय बसतं ते त्या वर्षीचे नियम वाचून ठरवावं लागेल.

---

गवतीचहा | १९ मे, रात्री ११:०५

दोन शनिवार कनवात बसले. काकांनी सांगितल्याप्रमाणं वही केली. चौदा अंक झाले. एकाच अंकाच्या दोन वर्षांच्या प्रती शेजारी ठेवून नावं लिहिली तर अकरांपैकी नऊ तीच. दुसऱ्या एका अंकात चार नावं अजिबात माहीत नसलेली, आणि त्यातली एक कथा सबंध बोलीत, संवाद नाही, निवेदनसुद्धा. ती कथा मी तिथंच बसून वाचली. ग्रंथपाल बाई दिवे बंद करायला आल्या तेव्हा भान आलं.

माझी कथा त्याच अंकाला पाठवायची ठरवलंय. पण ती वाचल्यावर माझ्या कथेचं पहिलं पान खोटं वाटायला लागलं. मी मामांना शुद्ध बोलायला लावलंय. आधी ते दुरुस्त करते. सर, इंग्रजीचं पुढच्या कथेला बघू, ही मला मराठीतच आधी बघायचीय.

---

पॅटर्नमेकर | २० मे, सकाळी ६:४०

दुरुस्त करा. पण १५ जूनच्या पुढं जाऊ देऊ नका.

---

गवतीचहा | १४ जून, रात्री १२:३०

पाठवली. वर्ड, पीडीएफ, चार ओळींचं पत्र, ३१ जुलैची ओळ, आणि 'संवाद कोल्हापुरी बोलीत आहेत, कृपया तसेच ठेवावेत' ही ओळ. मुलांची कथा 'किशोर'ला. तालमीची अजून मनासारखी झालेली नाही, ती या वर्षी नाही पाठवत. पाऊस बेदम आहे, लाइट जायच्या आत पाठवून टाकली.

---

गवतीचहा | २६ जुलै, संध्याकाळी ६:१०

आज ऑफिसात असताना फोन आला. संपादक स्वतः बोलत होते. कथा घेतलीय! शेवटचे दोन परिच्छेद काढावेत असं त्यांचं म्हणणं आहे. मामा गेल्यावर भाची गुऱ्हाळावर येते तो भाग. मी रडतरडतच लिहिला होता तो. ते म्हणाले, चुलवाण विझतं तिथं कथा संपलीय, पुढं तुम्ही वाचकाला हात धरून घरी सोडताय. मी एक दिवस मागितलाय. आत्ता छापून वाचलं, त्यांचं बरोबर आहे.

अजून एक गोष्ट. त्यांनी विचारलं, 'चुलवाण', 'काहील', 'गुळव्या' हे शब्द मुंबईच्या वाचकाला कळतील का, खाली अर्थ द्यायचे का? त्यावर काय सांगू?

---

नागाळा_पार्क | २६ जुलै, संध्याकाळी ६:३५

अगं!! अभिनंदन. मानधन किती ते पण विचार. लाजू नको. काही अंक देतात, काही फक्त अंकाची प्रत देतात, पण विचारायचं.

---

मजकूर_जुळणी | २६ जुलै, संध्याकाळी ७:००

तळटीपा कथेत वाचनाला अडखळवतात, आणि दोन स्तंभांच्या पानात दिसतातही वाईट. द्यायच्याच असतील तर शेवटी एकत्र.

---

पॅटर्नमेकर | २६ जुलै, रात्री ८:२०

ताई, फार आनंद झाला. घरी वाचून दाखवलं.

अर्थ देऊ नका. पट्टणकोडोलीच्या शंकर पाटलांची, कागलच्या आनंद यादवांची भाषा पुण्या-मुंबईनं कोश उघडून वाचली नाही. अलीकडं २०२१ ला किरण गुरव यांच्या कथासंग्रहाला साहित्य अकादमी मिळालं, तीही आपल्याच मातीतली कथा. चुलवाणात चिपाडं सारताना मामांच्या भुवया जळाल्या असं तुम्ही लिहिलं असेल, तर चुलवाण म्हणजे काय ते वाचकाला तिथंच कळलं. तसं एक वाक्य आहे का बघा. नसेल तर तळटीप देण्यापेक्षा ते वाक्य घाला.

---

गवतीचहा | २७ जुलै, सकाळी ९:४०

भुवयांचं नव्हतं. पण मामांच्या उजव्या हाताच्या मनगटापर्यंत केस नव्हते, डाव्या हाताला होते. लहानपणी मी त्यांना त्याबद्दल विचारलं होतं. ते कथेत कसं आलं नाही कुणास ठाऊक. आत्ता घातलं, पहिल्या पानावर, काहिलीत रस पडायच्या आधी. ते दोन परिच्छेद काढले. दहा वाजता संपादकांना पाठवते, मग काउंटर उघडायचाय.